तेलात ठेवायचा धातू

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, आमच्याकडं निझामाचं राज्य. परभणीत आम्ही चौघं राहत होतो: मी, माझे यजमान, आमची दीड वर्षाची लेक आणि यजमानांची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे आक्काच म्हणायचो. आक्का लग्नानंतर चार वर्षांत विधवा झाली आणि धाकट्या भावाकडं परत आली. आई लवकर गेल्यामुळं भावाला तिनंच वाढवलं होतं. मी चारठाण्याहून लग्न होऊन आले तेव्हा पंधरा वर्षांची होते. भाकरी थापायला, लेकराला न्हाऊ घालायला, गळ्यातलं इष्टलिंग हातावर घेऊन पूजा करताना मन इकडं तिकडं जाऊ न द्यायला, सगळं मला आक्कानं शिकवलं. पेडगावला तिच्या सासरच्या रानात तिचा थोडा वाटा होता. खुरपणीला आणि काढणीला ती तिकडं जायची आणि चार-आठ दिवसांनी परत यायची.

यजमान मदरशात, म्हणजे तिथल्या सरकारी शाळेत, सायन्स शिकवायचे. शिकवणं सगळं उर्दूत. ते स्वतःही उर्दूतच शिकलेले. दिवसभर वर्गात बोलून घरी आले की गप्प बसायचे. शाळेत आज काय झालं म्हणून मी विचारलं, तर कधी सांगायला सुरुवात करायचे आणि मधेच थांबायचे. म्हणायचे, "त्याला आपल्यात शब्द न्हाई." मी पुन्हा विचारायची नाही. मला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि ज्याला आपल्यात शब्दच नाही ते आपल्याला कळून काय करायचं, असं मला खरंच वाटायचं.

त्या पावसाळ्यात मदरशाची सायन्सची खोली गळायला लागली. पत्रे बदला म्हणून वर अर्ज गेला होता. उत्तर आलं नव्हतं. एक दिवस हे संध्याकाळी घरी आले ते बिस्किटाचा मोठा डबा छातीशी धरून, वरून उपरणं गुंडाळून. डब्यात वाळू होती आणि वाळूत रोवलेली एक रुंद तोंडाची तपकिरी बाटली. बाटलीत तेल आणि तेलाच्या तळाशी गुळाच्या खड्यांएवढी सात-आठ ढेकळं. रंग धड काळा नाही, धड करडा नाही.

"कपाटापशी गळायलाय," ते म्हणाले. "रातच्या पावसात धार हिच्यापासून इतभर अंतरावर पडली. पावसाळा संपंस्तोवर घरात ठेवू."

घरातली सगळ्यात कोरडी भिंत कोणती ते त्यांनी हात लावून लावून पाहिलं. चुलीपासून लांब, माळवदाला गळती नसलेली अशी धान्याच्या खोलीतली एक उंच देवळी निवडली आणि डबा आत सरकवला. मग मला बोलावलं.

"याला हात लावायचा न्हाई. पाण्याचा थेंब लागू द्यायचा न्हाई. पाणी लागलं की पेट घेतंय हे."

"पाण्यानं पेट?" मला हसू आलं.

ते हसले नाहीत. "पाणी नको, एवढं ध्यानात ठेव. बाकीचं तुला काय करायचंय?"

मी ध्यानात ठेवलं. आजही आहे.

आक्का तेव्हा पेडगावला होती. दोन दिवसांनी हे मास्तर लोकांच्या ट्रेनिंगसाठी हैदराबादला गेले, दहा-बारा दिवसांसाठी. जाताना दारातून परत फिरले, देवळीकडं पाहिलं आणि म्हणाले, "आक्का आली की तिलाबी सांग."

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी झड लागली. आमच्याकडची झड म्हणजे मोठा पाऊस नसतो. बारीक, थंड, न थांबणारा. भिंती ओल धरतात, मीठ पाझरतं, वाळत घातलेलं धडुतं तिसऱ्या दिवशीही तसंच. सरपण ओलं झालं. गोवऱ्या आतून भिजल्या. लेकीला खोकला झाला आणि अंगात कसर आली. तिला ऊन पाणी, पेज, छाती शेकायला गरम कापड, सगळ्याला चूल हवी आणि चूल पेटेना. मी फुंकणीनं फुंकून फुंकून बसायची. धूर व्हायचा आणि त्या धुरानं लेकरू आणखी खोकायचं.

राकेल कंट्रोलवर मिळायचं. आमची बाटली संपली होती आणि दुकानदार म्हणाला, "माल आला न्हाई बाई. नदीला पाणी हाय, गाड्या आडकल्यात." शेजारी मागून पाहिलं. त्यांच्याकडंही तेच.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी धान्याच्या खोलीत ज्वारी काढायला गेले आणि मला वास आला. त्या देवळीतून. मी पाटावर चढून डबा खाली घेतला. बूच काढून नाकाशी धरलं. राकेलच होतं ते. चांगलं अर्धा शेर तरी असेल.

मी लगेच घेतलं नाही. बूच लावलं, डबा वर ठेवला, बाहेर आले. मग लेक खोकली. खोकता खोकता निळी पडली. मी परत आत गेले.

बाटली उचलण्याआधी मी दोन्ही हात पदराला कोरडे पुसले. वाटीही कोरडी करून घेतली. पाणी नको एवढं सांगितलं होतं आणि तेवढं मी जिवापाड पाळलं. थोडंसं तेल वाटीत ओतून घेतलं, गोवरीचा तुकडा त्यात भिजवला आणि चूल पेटली. लेकीला ऊन पेज पाजली. ती झोपली. मला इतकं बरं वाटलं की मी तिच्याजवळ बसून रडले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं घेतलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. कंट्रोलचा माल आला की हे यायच्या आत भरून ठेवू, असं मनात होतं. चौथ्या दिवशी ढेकळं उघडी पडली. तेल तळाशी नुसतं चाटण्यापुरतं राहिलं. मी बूच घट्ट बसवलं. तेल कशाला असतं, हे माझ्या मनात आलंच नाही. शाळेच्या वस्तू आहेत, कशात तरी ठेवत असतील, एवढंच.

झड लागून आठवडा झाला तेव्हा ऊन पडलं. त्याच दिवशी सकाळी आक्का पेडगावहून आली. पाय चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेले, डोक्यावर भाजीचं गाठोडं. लेकीला उचलून घेतलं, तिच्या कपाळाला हात लावला, म्हणाली, "लय वाळलं गं लेकरू." मग पाय धुऊन लिंगपूजा केली, भाकरीचा तुकडा खाल्ला आणि लगेच कामाला लागली. झडीनंतर घर उन्हात घालायची तिची पद्धत होती. पोती, गोधड्या, डबे, उतरंड, एकूणएक अंगणात. मी आत लेकीला पाजत बसले होते. तिला सांगायचं आहे हे मला ठाऊक होतं. पाजणं झालं की सांगू म्हटलं.

अंगणातून तिचा आवाज आला. "हे काय गं देवळीतलं? मास्तरच्या शाळेचं का?"

"व्हय, शाळेचं," मी म्हणाले.

"खराब झालंय की. पांढरी बुरशी आलीय सगळी. अगं बाई, मास्तर रागवंल तुला. थांब, धुऊन ठेवते."

मी लेकीला तशीच जमिनीवर ठेवून धावले. "आक्का, पाणी नको," म्हणून ओरडले. माझा आवाज तिच्यापर्यंत गेला की नाही मला माहीत नाही. मी उंबऱ्यात होते तेव्हा तिनं बाटली परातीतल्या पाण्यात उपडी केली होती आणि वाकून, हातानं ते खडे चोळायला निघाली होती.

पिवळा जाळ मी पाहिला. मग बार उडाल्यासारखा आवाज. परात तुळशीपाशी जाऊन पडली. आक्का मागं बसली आणि दोन्ही हात तोंडावर.

ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "पाणी दे गं. डोळ्यांत पेटायलंय. पाणी घाल."

रांजणाशी भरलेली घागर होती. मी ती उचलली. तिच्यापर्यंत गेले. घागर माझ्या कमरेवर होती आणि आक्का समोर होती, आणि मी पाणी घातलं नाही. पाण्यानं पेट घेतंय, हे माझ्या कानात होतं. नुकतंच डोळ्यांनी पाहिलंही होतं. तिच्या तोंडावर तेच उडालं आहे, आता पाणी घातलं तर तोंडच पेटेल, असं मला वाटलं. मी घागर खाली ठेवली आणि तूप आणायला आत धावले.

तुपानं मी तिचे डोळे माखले. शेजारचे टांगेवाले चाचा आवाज ऐकून आले. त्यांनी घोडा जुंपला. दवाखान्यापर्यंत आक्का माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती आणि एकच विचारत होती, "लेकराला लागलं न्हाई ना? ते कुठं व्हतं?"

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि मला विचारलं, "डोळे धुतले का?"

"न्हाई. पाणी लावायचं न्हाई म्हणून सांगितलं व्हतं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग दोन माणसांना तिचं डोकं धरायला लावून ते किती तरी वेळ तिच्या डोळ्यांत पाण्याची धार सोडत राहिले. ते संपल्यावर हात पुसत बाहेर आले आणि लहान मुलाला समजावावं तसं हळू म्हणाले, "बाटलीतल्या वस्तूला पाणी लावायचं नसतं. पण ती माणसाच्या डोळ्यांत गेली की पाणीच. लगेच, आणि भरपूर. चुन्यासारखं असतं ते. बसून राहिलं की जाळत जातं."

एक डोळा गेला. दुसऱ्यात उजेड आणि सावली एवढं उरलं.

हे हैदराबादहून आले ते सरळ दवाखान्यात आले. त्यांना टांगेवाल्या चाचांनी टेसनावरच सांगितलं होतं. आक्काच्या डोळ्यांवर पट्टी होती. पावलांच्या आवाजावरून तिनं ओळखलं. म्हणाली, "मास्तर, जेवलास का रे?"

व्हरांड्यात आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. तेल मी काढलं. आक्काला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. घागर हातात असून मी पाणी घातलं नाही. ते मला मारतील, टाकून देतील, काहीही करतील, ते करू देत असं ठरवूनच मी बोलत होते. ते भिंतीला टेकून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मी तुला काय सांगितलं व्हतं?"

"पाणी नको म्हणून."

"आन् तेल कामून हाय, ते?"

"ते न्हाई सांगितलं."

"न्हाई सांगितलं," ते म्हणाले. "रोज चाळीस पोरांना सांगतो. घरात न्हाई सांगितलं."

त्यापुढं त्यांनी मला एक शब्द लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं मला कित्येक वर्षं वाटत राहिलं.

तेलाचं मी आक्कालाही सांगितलं. ती घरी आल्यावर, केस विंचरता विंचरता. ती म्हणाली, "लेकराला ऊन पेज दिलीस नव्हं त्याच्यावर? मंग." घागरीचं मात्र मला सांगता आलं नाही. तिचे डोळे तेव्हा मिटलेले होते, तिला काही दिसलं नव्हतं. कुणी विचारलं की ती आपणहून सांगायची, "त्या वक्ताला घागरीत थेंब नव्हता. पोरगी काय करील बिचारी?" मी तिथंच बसलेली असायची. मी तिला ते तसंच समजू दिलं.

आक्का हळूहळू घरात वावरायला लागली. जातं तिला हातानं सापडायचं, चूल आवाजानं. सकाळी लिंग तळहातावर घेऊन ती पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसायची. म्हणायची, "याला डोळे लागत न्हाईत." पेडगावला जाणं बंद झालं. तिच्या वाट्याचं रान कुणी खुरपलं, काय आलं, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची. लेक तिचं बोट धरून तिला अंगणात फिरवायला शिकली.

यजमान मदरशात जात होते. त्यांनी वरिष्ठांना सांगून सायन्स सोडलं आणि हिसाब, म्हणजे गणित, शिकवायला घेतलं. घरी ते आक्काच्या समोर बसायचे, तिला भाकरी कालवून द्यायचे, पण तिच्याशी नीट बोलायचे नाहीत. ती काही बोलली की "हां" म्हणायचे.

असे सहा-सात महिने गेले असतील. उन्हाळा लागला होता. एका सकाळी अंगणात आक्का शेंगा फोडत बसली होती, हे शेजारी बाजेवर होते. आक्का म्हणाली, "मास्तर, ते काय व्हतं रे?"

"काय?"

"बाटलीतलं. मला कुणी सांगितलंच न्हाई."

त्यांनी बाजेवरून पाय खाली सोडले. मला वाटलं, उठून जातील. मग म्हणाले, "धातू हाय तो, आक्का."

"धातू मंजी? तांब्या-पितळेसारखा?"

"धातूच. पण मऊ. चाकूनं कापता येतो, लोण्यासारखा."

"मंग चमकत असंल."

"कापल्याबरोबर चांदीसारखा चमकतो. पण लगेच काळवंडतो. हवेत वलावा असतो ना, ते त्याला सोसत न्हाई. हवा लागली की..." ते थांबले. त्यांना शब्द सापडत नव्हता. दोन-तीनदा उर्दू शब्द तोंडाशी आला, तो त्यांनी गिळला. "हवा लागली की त्याला गंज धरतो म्हण. आन् पाणी लागलं की पाण्यातूनच एक वायू निघतो, तो पेट घेतो. पाण्यात मागं उरतो तो क्षार. चुन्यासारखा, त्याहून जहाल."

"तेच माज्या डोळ्यात गेलं."

"तेच गेलं."

"मंग ते ठिवायचं कसं?"

"राकेलात. त्याच्यावर दोन बोटं तेल पायजे. तेलात वलावा शिरत न्हाई. तेल कमी झालं की लगेच भरायचं. काढायचं तर कोरड्या चिमट्यानं, लागंल तेवढंच. आन् पेटलं तर पाणी न्हाई, कोरडी वाळू टाकायची. म्हणून डब्यात वाळू व्हती."

आक्का शेंग हातात धरून ऐकत होती. म्हणाली, "लोणच्यावर तेल ठिवतो, तसंच की."

"तसंच."

"तेल खाली गेलं की लोणचं नासतंय. हे तर बाईमाणसाला कुणीबी सांगितलं असतं तरी कळलं असतं रे, मास्तर."

तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. तिला खरोखर ते सोपं वाटलं होतं, एवढंच. पण हे बाजेवरून उठले आणि मागच्या दारी गेले. मी मागोमाग गेले तर ते न्हाणीच्या भिंतीला कपाळ लावून उभे होते. मी परत फिरले. आक्का विचारत होती, "उठला का? मला आनखीन इचारायचं व्हतं."

त्यानंतर ते तिच्याशी बोलायला लागले. रोज थोडं. लोखंडाला गंज का येतो, पितळेच्या भांड्यात ताक का कळकतं, चुनखडी भाजल्यावर काय होते. ती विचारायची आणि ते शब्द शोधत शोधत सांगायचे. मला आणि लेकीलाही बसवायचे. अक्षरं मला त्यांनी त्याच दिवसांत शिकवली, पाटीवर. त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वीचं हसू मात्र आलं नाही. बोलता बोलता आक्काच्या डोळ्यांकडं नजर गेली की ते वाक्य अर्धं सोडायचे, आणि ते का थांबले हे आक्काला कळायचंही नाही. ती म्हणायची, "फुडं?"

निझामी गेली त्या वर्षीच्या हिवाळ्यात आक्का गेली. त्याआधीचे महिने सगळ्यांनीच भीतीत काढले होते. दारं लावून बसायचो, मदरसा बंद होता. तिला दम लागायचा. टांगेवाले चाचा त्या गडबडीत कुटुंब घेऊन निघून गेले होते. ते कुठं गेले ते कळलं नाही, आणि तिला दवाखान्यात न्यायला दुसरं वाहन मिळेपर्यंत दुपार झाली. ती दवाखान्याच्या दारातच गेली. आम्हा लिंगायतांत जाळत नाहीत, माती देतात. तिला बसवून, हातात लिंग देऊन, विभूती लावून माती दिली. माती टाकताना ह्यांचा हात थांबला, तेव्हा विधी सांगणाऱ्या जंगमांनी त्यांच्या दंडाला धरून ती मूठ सोडवली.

घागरीचं तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. शेवटचे आठ दिवस मी तिच्या उशाशीच होते. रोज सांगायचं ठरवायची. तिला कशासाठी सांगू, तिच्यासाठी की माझ्यासाठी, हे मला ठरवता आलं नाही.

पुढं शाळा मराठीत झाली. बाकीचे मास्तर वर्गात शब्दांसाठी अडत होते. नवे हेडमास्तर ह्यांना म्हणाले, सायन्स तुम्हीच घ्या, तुमच्याइतकं सोपं करून कुणी सांगत नाही. ह्यांनी घेतलं. कपाटातल्या प्रत्येक बाटलीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली: आत काय आहे, कशात ठेवायचं, का ठेवायचं, अंगावर उडालं तर आधी काय करायचं. त्या चिठ्ठ्या ते घरी बसून लिहायचे आणि मला वाचायला द्यायचे. मी अडले तर तो शब्द खोडून दुसरा घालायचे. मी न अडता वाचलं की चिठ्ठी पुरी झाली.

त्या धातूची नवी बाटली एकदा मुंबईहून शाळेत आली. त्या दिवशी ते लवकर घरी आले आणि जेवले नाहीत. तेल पुरेसं आहे का ते पाहून आलो, एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चिठ्ठी लिहिली. इतर कुठल्याही चिठ्ठीपेक्षा ती लांब होती. मी ती दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना 'डोळ्यांत गेलं तर आधी भरपूर पाणी' या ओळीशी मी अडले, आणि त्यांनी कागद माझ्या हातातून हळूच काढून घेतला.